संगणक मधोमध, हात दोन्ही टोकांना

प्रति,
संपादक, रविवार पुरवणी

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत ताकाशी मुराकामी या जपानी चित्रकारावर आलेला लेख वाचला. मराठी वर्तमानपत्रात या माणसाला अर्धं पान मिळालं, हेच आधी कौतुकाचं. पण लेखात दोनदा आलेलं एक विधान तसंच सोडून देण्यासारखं नाही. मुराकामींनी जुन्या जपानी चित्रांतले आकार संगणकात घेतले आणि हातकामाला रजा दिली, असं लेखक म्हणतात. सावंतवाडीत या विधानाला वेगळंच वजन येतं. दशावतारी गंजिफाची, म्हणजे विष्णूच्या दहा अवतारांच्या हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची, जुनी पानं स्कॅन करून त्यांचे प्रिंट मारायचे आणि ते 'आधुनिक गंजिफा' म्हणून विकायचे, हा प्रकार आता सर्रास झाला आहे. कुणी नाक मुरडलं, की 'जपानी लोक तेच तर करतात' हे उत्तर तयारच असतं. जपानी लोक तसं करत नाहीत, निदान मुराकामी तरी नाही. त्यांच्या कारखान्यात संगणक कामाच्या मधोमध बसलेला आहे. त्याच्या आधी हात आहे, आणि नंतर तर हातच हात आहेत.

मुराकामींचा जन्म १९६२ चा, तोक्योचा. हसऱ्या पाकळ्यांची फुलं आणि २००३ मध्ये एका फ्रेंच कंपनीच्या पर्सवर त्यांनी केलेला ३३ रंगांचा नक्षीपट, एवढीच त्यांची ओळख आपल्याकडे पोचली आहे. त्यांचं शिक्षण मात्र निहोंगाचं. निहोंगा म्हणजे जपानी पद्धतीचं, दगडी रंग आणि सरस वापरून केलेलं चित्रकाम. तोक्योच्या कला विद्यापीठातून १९९३ मध्ये त्यांनी याच विषयात डॉक्टरेट घेतली. हे आपल्या लेखात एका ओळीत उरकलं आहे. खरं तर सगळी गोम तिथेच आहे.

निहोंगा शिकणारा विद्यार्थी चित्र काढण्याआधी जमीन, म्हणजे रंगाखालचा थर, तयार करायला शिकतो. पांढऱ्यासाठी गोफुन वापरतात. कालवांच्या जाड शिंपा कित्येक वर्षं उघड्यावर ऊनपावसात टाकून ठेवायच्या, मग दळायच्या, पाण्यात निवळून घ्यायच्या, की गोफुन होतो. मालवण-वेंगुर्ल्यातल्या कुणालाही इथे शिंपल्यांचा चुना आठवेल, आणि तिथेच घोटाळा होतो. आपला चुना शिंपा भाजून केलेला असतो. तो तिखट असतो, म्हणजे अल्कलीयुक्त. सरसाची पकड तो सैल करतो, काही रंगही मारतो. गोफुन भाजत नाहीत, तो साध्या खडूच्या जातीचा. 'शिंपल्यांचं पांढरं' एवढंच ऐकून कुणी भिजवलेला चुना गंजिफाच्या पानाला लावायला गेला, तर पहिल्याच पावसाळ्यात रंग भुरभुरतील.

गोफुन मळण्याची रीत तर भाकरीच्या पिठाची आठवण करून देणारी आहे. भुकटी खलात आधी कोरडीच घोटतात. मग सरसाचं पाणी थेंबाथेंबाने घालत तिचा गोळा करतात आणि तो गोळा चिनी मातीच्या ताटलीवर शंभरेक वेळा आपटतात. हे आपटणं सोपस्कार नाही. प्रत्येक कणाला सरस लागला पाहिजे, आत हवा राहता कामा नये, यासाठी ते असतं. कंटाळा केला, की सुकल्यावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. सरसाचं प्रमाणही असंच हाताच्या अंदाजाचं. कमी झालं तर बोट फिरवल्यावर पांढरं येतं. जास्त झालं तर आठवड्याभरात भेगा पडून पोपडे उठतात. साधारण १० ग्रॅम सरस १०० मिलिलिटर थंड पाण्यात रात्रभर फुगवायचा, सकाळी भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळवायचा. उकळी आणायची नाही, उकळला की त्याची चिकटी गेली. कोकणातल्या हवेत हे पाणी दोन दिवसांत आंबतं, म्हणून फ्रिजमध्ये ठेवावं, आणि वास आला तर सरळ ओतून द्यावं. (सरस कातड्या-हाडांचा. देवादिकांच्या पानांना तो नको असेल, तर बाभळीचा डिंक चालतो. मात्र डिंकाचा थर जास्त ठिसूळ, तेव्हा हात पातळच द्यावा.)

दगडी रंगांचंही तसंच. निळा ॲझुराइटचा, हिरवा मॅलाकाइटचा. तोच दगड जाड दळला तर रंग गडद, बारीक दळला तर फिका. म्हणून डब्यांवर साधारण ५ पासून १३ पर्यंत आकडे असतात, आणि आकडा वाढेल तसा कण बारीक होत जातो. एकाच दगडाच्या आठ-नऊ छटा, त्याही काही न मिसळता. ही नजर ज्याने वर्षानुवर्षं कमावली, तोच पुढे संगणकावर हजार रंगांची यादी करून प्रत्येकाला नंबर देऊ शकतो. मुराकामींच्या कारखान्यातली रंगांची नंबरवार बरणी-पद्धत पाहिली, की ती निहोंगाच्या फडताळातूनच उठून आली असावी, असं आम्हाला वाटतं.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. सुरुवात कागदावरच्या लहानशा हातरेखाटनाने होते. ते स्कॅन होतं. स्कॅनवर संगणकात नव्याने रेषा ओढली जाते, बिंदू आणि त्यांना जोडणारे वळसे अशा पद्धतीने, म्हणजे हे चित्र हवं तेवढं मोठं केलं तरी कड फुटत नाही. फुलं, डोळे, कवट्या असे आकार एकदा पक्के झाले, की ते साठवणीत जातात आणि पुढच्या चित्रांत पुन्हा निघतात. मग रंगांची फोड होते. त्यावरून रेशमी जाळीच्या चौकटी, म्हणजे आपल्या लग्नपत्रिकावाल्यांच्या भाषेत स्क्रीन, तयार होतात. मोठ्या चित्राला शेकड्यांनी स्क्रीन लागतात. तोवर दुसरीकडे कॅनव्हास ॲल्युमिनियमच्या चौकटीवर ताणून, त्यावर पांढऱ्या लुकणाचे थर देऊन, प्रत्येक थर पॉलिश पेपरने घासून काचेसारखा केलेला असतो. ब्रशचा ओरखडा राहिला, तर त्यावर छापलेली रेषा तिथे तुटते. मग छपाई, मग हाताने भरणं, पुन्हा छपाई, कडेला सांडलेलं पुसणं, आणि वर संरक्षणाचा थर. १९९६ चं त्यांचं '७२७' हे तीन फळ्यांचं चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. त्याची पार्श्वभूमी एकावर एक रंग चढवून मग घासून घासून खालचे रंग उघडे पाडलेली आहे. हे कुठल्याही यंत्राने होत नाही. जुन्या होडीचा रंग खरवडताना खालचे तीन हंगाम दिसतात ना, साधारण तसं.

'पाचशे अर्हत' या २०१२ च्या चित्राची लांबी १०० मीटर आणि उंची ३ मीटर. जपानमधल्या २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर ते झालं आणि पहिल्यांदा कतारमध्ये दोह्याला लागलं. त्याचा आधार आहे एकोणिसाव्या शतकातल्या कानो काझुनोबु यांनी केलेल्या शंभर लपेटचित्रांचा. या एका चित्रावर दोनशेहून जास्त कलाविद्यार्थी पाळ्या लावून राबले. यंत्राने काम संपतं, तर दोनशे माणसं कशाला लागली? यंत्राने काम वाढलंच. स्क्रीन आली म्हणून रेषा बारीक झाली, रेषा बारीक झाली म्हणून जमीन जास्त गुळगुळीत लागली, आणि जमिनीसाठी माणसं वाढली. काही मोठ्या चित्रांच्या पाठीवर काम केलेल्या सहायकांची नावं लिहिली जातात, हेही इथल्या व्यापाऱ्यांच्या कानावर घालण्यासारखं आहे.

याला जोडून एक गंमत. नोबुओ त्सुजी हे जपानी कलेतिहासाचे जुने अभ्यासक. त्यांनी मुराकामींना डिवचलं, की एकदा तरी स्वतः काहीतरी रंगवून दाखवा की! मुराकामींनी अठराव्या शतकातल्या सोगा शोहाकु यांच्या ढगातल्या नागाचा आधार घेऊन, १८ मीटर लांबीचा लाल नाग स्वतःच्या हाताने रंगवला, एका दिवसात. आणि चित्राच्या नावातच लिहून टाकलं, की प्राध्यापकांनी टोचून बोलल्यामुळे चिडून हे मी स्वतः रंगवलं आहे. २०१० ची गोष्ट. ज्याचा हात गेलेला आहे, त्याला हे जमत नाही.

आता गंजिफाकडे. दशावतारी संचात १२० पानं. दहा अवतारांचे दहा रंग (इस्पिक-बदामासारखे), प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत दहा पानं. म्हणजे मूर्तीची पानं फक्त २०, उरलेल्या १०० वर नुसती चिन्हं. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, वराहाला शंख, परशुरामाला परशू. एका रंगात एक ते दहा मिळून ५५ चिन्हं होतात, दहा रंगांची ५५०. हातकामात कारागिराची मान मोडते ती इथे. राजा काढताना कुणी कंटाळत नाही. चाळिसावा मासा काढताना मात्र शेपटी आखूड होऊ लागते.

मुराकामींकडून घ्यायचं ते नेमकं इथे घेता येईल. ५५० चिन्हं, पण रेखाटनं मुळात दहाच. ती स्क्रीनवर चढवायला काहीच हरकत नाही. सध्या होतं ते उलटंच. डिजिटल प्रिंटवाले सुरुवात आणि शेवट यंत्राला देतात, आणि मधे हाताला काही उरतच नाही. जमीन म्हणून बाजारातला गुळगुळीत कार्ड-कागद, शेवट म्हणून प्लास्टिकचं लॅमिनेशन. आषाढात या पानांचं काय होतं, ते कुणीही बघावं. कागद कडेने दमट होतो, फुगतो, लॅमिनेशन फुगत नाही. महिन्याभरात कडेला पापुद्रा सुटतो आणि पान वाटीसारखं वळतं. त्यात मूळ पान जुनं असेल, तर त्यावरचा मळ, बोटांचे डाग, लाखेतली भेग हे सगळं स्कॅनमध्ये येतं आणि छापूनही येतं. वराहाच्या दोन वेगवेगळ्या पानांवर त्याच जागी तीच भेग दिसली, की समजावं, शंख एकदाच स्कॅन करून दहा ठिकाणी चिकटवला आहे.

करायचं तर असं करावं. चिन्ह आधी कुंचल्याने, पानावरच्या मापाच्या चौपट मोठं काढावं. ६०० डीपीआयवर स्कॅन करावं. पुढे बहुतेक जण संगणकाला 'आपोआप रेषा काढ' म्हणतात आणि फसतात. आपोआप ओढलेल्या माशाला शेकडो बिंदू येतात, कुंचल्याचा जाड-बारीकपणा गुठळ्यांसारखा दिसतो आणि लहान केल्यावर खवले एकमेकांत मिसळतात. तोच मासा हाताने, पेन-टूल धरून ओढला, तर पंचवीसेक बिंदूंत होतो. बिंदू फक्त वळणाच्या टोकाला द्यायचा, मधे नाही. पानावर येईल त्या मापात रेषा ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नये. त्याखाली जाळीत ती तुटतेच.

जमीन जुनीच ठेवावी. चिंचोके भाजून, साल काढून, रात्रभर भिजवून वाटायचे. १०० ग्रॅमला लिटरभर पाणी घालून, खळ पारदर्शक होईपर्यंत ढवळत शिजवायची. चिमूटभर मोरचूद घातला की कसर लागत नाही, पण मग ते भांडं स्वयंपाकात परत नेऊ नये. धुवट सुती कापडाचे थर या खळीने एकमेकांवर चिकटवून जाड पत्रा करायचा. दोन्ही बाजूंना खडूचे हात सारख्याच संख्येने द्यायचे. एका बाजूला चार आणि दुसरीकडे दोन दिले, तर चारवाली बाजू ताणून घेते आणि अख्खा पत्रा वळतो. वळलेल्या पत्र्यावर स्क्रीन टेकत नाही, रेषा दुहेरी उठते. सुकवताना उन्हात नको. सावलीत, वजनाखाली, मधे कोरडं कापड घालून. मग अकीकाच्या दगडाने घोटाई. नखाने आडवं ओढून पाहावं. रेघ चमकदार उठली तर घोटाई झाली, पांढरी उठली तर अजून बाकी आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पान आधी गोल कापू नये. इथेच बहुतेकांचे प्रयोग फसले आहेत. गोल पानाला कोपरा नसतो, ते स्क्रीनखाली फिरतं, दुसरा रंग पहिल्यावर बसत नाही. जपानी ठसेकारांनी हा प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वीच सोडवला. ठशाच्या फळीवरच एक काटकोनी खाच आणि एक सरळ खाच कोरायची. कागद प्रत्येक वेळी त्या दोन खाचांना भिडवून ठेवायचा. याला ते केन्तो म्हणतात. दहा-बारा ठसे एकावर एक मारले तरी रंग हलत नाही. आपण चौकोनी पत्र्यावर एका रंगाची दहा पानं एकत्र मांडावीत, छपाईच्या टेबलावर जुन्या एक्स-रे फिल्मचे दोन तुकडे केन्तोसारखे चिकटवावेत आणि पत्रा त्यांना टेकवून छापावा. गोल पंच सगळ्यात शेवटी. पत्र्याची ती एक कड आणि तो एक कोपरा मात्र सुरीने अगदी सरळ कापून घ्यावा, नाहीतर केन्तोचा उपयोग नाही.

जाळी सेंटीमीटरला ९० ते १२० धाग्यांची घ्यावी. लग्नपत्रिकांच्या सोनेरी शाईसाठी वापरतात तसली मोठ्या भोकाची जाळी इथे चालणार नाही. पावसाळ्यात स्क्रीन बनवताना फोटो-इमल्शन (प्रकाशाने घट्ट होणारा लेप) वरून कोरडं दिसतं, आत ओलं राहतं. तशीच प्रकाशाला धरली, तर धुताना रेषेच्या कडा वाहून जातात आणि जागोजाग टाचणीची भोकं पडतात. चौकट अंधाऱ्या बंद खोलीत पंखा लावून रात्रभर ठेवावी. मे महिन्यात दुखणं उलटं, शाई जाळीतच सुकते. शाईत रिटार्डर, म्हणजे सुकणं लांबवणारं द्रव्य, घालावा आणि पत्रा बदलताना जाळीवर शाईचा पातळ थर ओढून ठेवावा, जाळी उघडी सोडू नये.

पार्श्वभूमीचा रंग हाताने द्यावा, बाह्यरेषा स्क्रीनने मारावी, आणि माशाचे खवले, डोळा, परशूच्या पात्यावरची चमक पुन्हा कुंचल्याने भरावी. डोळा तर हातानेच. छापलेला डोळा सगळ्या माशांचा एकाच दिशेने बघतो आणि दश्शाच्या पानावर दहा मासे कवायतीला उभे राहिल्यासारखे दिसतात. राजा आणि प्रधानाच्या २० पानांना स्क्रीन लावूच नये. तिथे वाचणारा वेळ थोडा आणि जाणारं तेज फार.

शेवटचा हात लाखेचा, आणि नव्या-जुन्याची खरी टक्कर याच ठिकाणी होते. डिंकात कालवलेल्या रंगावर स्पिरिटमधली लाख चालते, कारण डिंक स्पिरिटमध्ये विरघळत नाही. स्क्रीनची शाई मात्र हल्ली ॲक्रिलिकची असते, आणि ॲक्रिलिक स्पिरिटने मऊ पडतं. लाखेचा ब्रश फिरवला, की काळी रेषा माशाच्या पोटात ओढली जाते. छापलेल्या पत्र्याच्या कोपऱ्यावर स्पिरिटचा कापूस आधी टेकवून पाहावा. रंग कापसावर आला, तर छपाईनंतर चार दिवस थांबावं आणि लाखेचे पहिले दोन-तीन हात ब्रशने न देता फवाऱ्याने, धुक्यासारखे द्यावेत. प्रत्येक हात सुकला की पुढचा. त्यानंतर ब्रश चालतो. चपडा लाख लिटरभर स्पिरिटला २५० ग्रॅम पुरते. वर्ष उलटलेला चपडा घेऊ नये, तो नीट विरघळत नाही. सहा महिन्यांपूर्वी भिजवून ठेवलेली लाख चिकटच राहते. पावसात लाख पांढरी पडते, कारण स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतला दमटपणा त्यावर बसतो. पान खराब झालं म्हणून खरवडू नये. बल्बच्या उबेत ठेवून, स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेल्या फडक्याने हलका हात फिरवला, की धुकं उतरतं.

सोनेरीबद्दल थोडक्यात. मुराकामींच्या कित्येक चित्रांत सोन्याचा आणि प्लॅटिनमचा वर्ख आहे. जपानचा जवळजवळ सगळा सोनेरी वर्ख कानाझावा या एका शहरात ठोकला जातो, जाडी मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाच्या आसपास. चांदीऐवजी प्लॅटिनम अशासाठी, की चांदी काळी पडते. आपल्याकडे 'गोल्ड लीफ' म्हणून मिळतो तो बहुधा पितळी असतो. खाऱ्या हवेत तो दोन पावसाळ्यांत हिरवट-काळा होतो. खरा वर्ख परवडत नसेल, तर पिवळा रंग द्यावा. आमच्या मते राजाच्या मुकुटाला तो जास्त शोभतो.

संच विकताना पेटीवर लिहावं, की रेषा छापील, रंगकाम आणि लाख हाताची. घेणाऱ्याला हे कळलं, तर तो पूर्ण हाताच्या संचाला जास्त किंमत देतो आणि छापील रेषेच्या संचाला योग्य ती. मुराकामींनीही फुलांची संग्रहासाठीची पत्त्यांएवढी कार्डं काढली आहेत. ती छापील आहेत, छापील म्हणूनच विकली जातात. त्यांच्या हाताच्या चित्राशी त्यांची गल्लत कुणी करत नाही.

आपले,
लाखकाम व गंजिफा-काम करणारे काही वाचक,
सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग

ता. क. – लेखात शेवटी जपानी भांड्यांच्या संदर्भात 'जपानी लाख' असा शब्द आला आहे, तो दुरुस्त व्हावा. आपली लाख किड्याची, पळस-बोर-कुसुमाच्या फांद्यांवरची. जपानी उरुशी हा झाडाचा चीक. एका झाडापासून सबंध हंगामात तो जेमतेम २०० ग्रॅम मिळतो. दोन्हींचा स्वभाव अगदी उलट. लाखेला दमट हवा वर्ज्य, तर उरुशी दमट हवेतच घट्ट होते. २० ते २५ अंश उष्णता आणि ७० ते ८५ टक्के आर्द्रता ठेवलेल्या लाकडी कपाटात ती सुकवतात. कोरड्या हवेत ती ओलीच राहते. म्हणजे जी हवा आपल्या चपड्याला बाधते, तीच तिला मानवते. शिवाय उरुशीचं झाड काजू, आंबा आणि बिब्ब्याच्याच कुळातलं, म्हणून ओला चीक अंगाला लागला की बिब्बा उतल्यासारखे फोड येतात. जपानमध्ये उरुशीला पर्याय म्हणून काजूच्या टरफलाच्या तेलापासून 'काश्यू' नावाचा रंग करतात. वेंगुर्ला-मालवणच्या काजू कारखान्यांत हेच तेल बायकांच्या बोटांची सालं काढतं, म्हणून त्या हाताला राख किंवा खोबरेल लावून बसतात. काश्यूला दमट कपाट लागत नाही, तो साध्या हवेत सुकतो, पण सावकाश. जाड हात दिला तर वर साय धरते आणि आत ओला राहून सुरकुत्या पडतात. लाकडी पाटावर करून पाहणाऱ्याने हात पातळ द्यावा, दोन हातांत दोन दिवसांचं अंतर ठेवावं आणि हातमोजे विसरू नयेत.